माझी हाउसबोट, शुक्रवार पेठ

माझी एक कॉलेजमधली मैत्रीण अ‍ॅमस्टरडॅमला असते. आयटीतली नोकरी, सायकल, चीज... सगळं यथासांग! २०२४ च्या मे महिन्यात तिनं घर बदललं आणि फोटो पाठवले. घर म्हणजे चक्क हाउसबोट. कालव्यात उभी केलेली लांबुडकी बोट, खिडकीत कुंड्या, डेकवर दोन खुर्च्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बदकं. भाडं विचारलं तर तिनं आधी हसरा चेहरा पाठवला आणि मग आकडा. मी दोन मिनिटं गप्पच.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात मीही घर बदललं होतं. पुण्याहून कोल्हापूरला. एका जुन्या वस्तादांच्या कुस्तीच्या आठवणी ऐकून लिहून काढायचं वर्षभराचं काम मिळालं होतं. फ्रीलान्सरला 'वर्षभर' हा शब्द ऐकला की कसं गलबलून येतं, ते महिन्याच्या सात तारखेला पगार जमा होणाऱ्या मंडळींना नाही कळायचं. शिवाय पुण्यात जेवढ्या भाड्यात एक खोली आणि दोन रूममेट मिळत होत्या, त्याच्या निम्म्यात इथं वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या घाटाकडे उतरत जाणाऱ्या भागात. लाकडी जिना, पोपटी भिंती, छोटी गॅलरी. मीही फोटो पाठवले. उत्तर आलं, 'सो क्यूट!' बस्स.

घर इतकं स्वस्त का, हा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता. नाही पडला.

पडायला हवा होता, कारण घरमालकीण काकूंनी घेतलेला इंटरव्ह्यू. आजवर मी पाच घरं भाड्यानं घेतली आहेत. लग्न कधी करणार, नॉनव्हेज खाता का, मित्र येतात का, रात्री किती वाजता परत येता, ही प्रश्नावली मला तोंडपाठ आहे. काकूंनी यातलं एक अक्षर विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "सामान किती हाय तुझं?" मी म्हटलं, एक पलंग, एक टेबल, पुस्तकांची तीन खोकी. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मग, "झोप कशी हाय? गाढ का सावध?" मी म्हटलं, सावध. आणि शेवटचा प्रश्न, "कंबर-बिंबर दुखती का गं?"

तीन प्रश्न आणि घर मिळालं. काय कूल काकू आहेत, असं मी आईला फोनवर सांगितलं.

जिन्याच्या भिंतीवर तीन आडव्या रेघा होत्या, तैलरंगानं मारलेल्या. सगळ्यांत खालच्या रेघेशी लिहिलं होतं २००५. माझ्या डोक्याच्या जरा वर २०१९, आणि त्याच्याही चारेक बोटं वर २०२१. मला आधी वाटलं, नातवाची उंची मोजली असेल!

मी येतो गं!

पहिला महिना भाषेत गेला. कोल्हापूरच्या बायका 'मी येते' म्हणत नाहीत, 'मी येतो' म्हणतात. 'मी जेवलो', 'मी बाजारात चाललो'. काकू खालून ओरडायच्या, "मी जरा भाजी घेऊन येतो गं, दूध आलं तर घे!" आणि मी वरून गॅलरीत येऊन बघायचे, की काका कधी परत आले? (काका जाऊन दहा वर्षं झाली होती.) खाली काकू, त्यांचा मुलगा, सून आणि आठ वर्षांचा नातू. दादांचं घराच्या पुढच्या खोलीतच झेरॉक्सचं दुकान. काकू स्वतः ब्लाउज शिवायच्या.

मे महिन्यात गल्लीभर मिरची वाळत असते. वर्षभराची कांदा-लसूण चटणी डंकावरून कुटून आणायचा हा सीझन. डंकाच्या रस्त्यानं नुसतं चालत गेलं तरी सात शिंका येतात. काकूंनी मला स्टीलचा डबा भरून चटणी दिली आणि 'बेतानं खा' म्हणाल्या. मी पुण्याच्या बेतानं खाल्ली आणि दुसरा दिवस वाया घालवला.

संध्याकाळी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर जायचं. तिथं म्हशी उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. टेट्रापॅकवर वाढलेल्या माझ्यासारखीला पहिल्यांदा तो कोमटपणाच झेपेना. दुसऱ्या आठवड्यात सवय झाली, चौथ्या आठवड्यात चटक लागली. तिथून घाटावर. जुनी देवळं, दगडी पायऱ्या, पोहणारी पोरं, पलीकडं शिवाजी पूल. नदी इतकी खाली आणि इतकी गरीब वाटायची, की मी मैत्रिणीला फोटो पाठवून लिहिलं, 'माझ्याकडेही पाणी आहे. चालत तीन मिनिटं.'

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि गल्लीतल्या बोलण्याचा विषय बदलला. पुण्यात लोक ट्रॅफिक विचारतात, मुंबईत लोकल विचारतात, इथं सगळे एकमेकांना एक आकडा विचारायला लागले. "किती झालंय?" "बावीस." "काल अठरा होतं की." वाण्याकडे, रिक्षात, वस्तादांच्या घरी, सगळीकडे तेच. हा आकडा म्हणजे कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी, फुटांत. ३९ म्हणजे इशारा. ४३ म्हणजे धोका. हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. काकूंच्या नातवाला सातचा पाढा येत नव्हता, पण ३९ आणि ४३ येत होतं.

आणि मग मला जिन्यातल्या रेघा समजल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५५ च्या वर गेला होता. २०२१ च्या जुलैत ५६ च्याही वर.

मी काकूंना विचारलं, तुम्ही मला घर देताना का नाही सांगितलंत? काकू भज्यांचं पीठ भिजवत होत्या. म्हणाल्या, "रेघा दिसत न्हवत्या व्हय तुला?"

पाच नद्या आणि एक दार

पंचगंगा ही एक नदी नाही, हे मला इथं येऊन कळलं. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी आणि कुणालाच न दिसणारी सरस्वती मिळून ही होते. शहराच्या जरा वर, प्रयाग चिखलीला यांचा संगम. सगळ्या सह्याद्रीच्या बाजूनं येतात. म्हणजे कोल्हापुरात रिमझिम असली तरी काही खरं नसतं. राधानगरीत, गगनबावड्यात काय चाललंय त्यावर आमच्या गल्लीचं भविष्य.

राधानगरी धरणाची तर गंमतच आहे. शाहू महाराजांनी सुरू केलेलं हे धरण. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, आणि एकेका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी सुटतं. कुणा साहेबाची सही लागत नाही. त्यामुळे पावसाळ्यात फोनवर जे मेसेज येतात ते क्रिकेट स्कोअरसारखे वाचले जातात : 'राधानगरीचे दोन दरवाजे उघडले.' 'चौथा उघडला.' आमचे दादा झेरॉक्स काढता काढता स्कोअर सांगायचे.

हे पाणी पुढं जायला हवं ना? तिथंच घोळ आहे. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असेल तर ती पंचगंगेला आत घेत नाही, पाणी मागं फुगत येतं. मग कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात किती साठा केला, नदीकाठच्या पूररेषेत बांधकामं कुणी होऊ दिली, यावर दर वर्षी कट्ट्या-कट्ट्यावर कडाक्याचं भांडण होतं. मी दोन्ही बाजूंनी ऐकून घेतलं आहे आणि माझं मत असं, की पूररेषेतल्या इमारती निदान उघड्या डोळ्यांना दिसतात. सुरुवात तिथून करायला हरकत नाही.

आणि त्याच नरसोबाच्या वाडीला, जिथं ही दोन पाणी अडतात, पुराचा सोहळा असतो! दत्ताच्या देवळात पाणी शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार म्हणतात. त्या पाण्यात अंघोळ करायला लांबून लांबून लोक येतात. उत्सवमूर्ती तेवढी आधीच वर हलवलेली असते. देवाचंही सामान हलवावं लागतं हे ऐकून मला जरा धीर आला.

एक्केचाळीस

२०२४ च्या जुलैचा तिसरा आठवडा. तीन दिवस झड. ३९ झालं त्या संध्याकाळी गल्लीतली सगळी मंडळी नटूनथटून बाहेर पडली. मला वाटलं, स्थलांतर. तर म्हणे, "पाणी बघायला चाललोय, येतीस?" घाटावर ही गर्दी! देवळं बुडालेली, पायऱ्या गायब, गढूळ पाणी रुंद होऊन शांत पसरलेलं. पोरं मोबाइलवर शूटिंग करतायत, कुणी कणीस खातंय. बाजूच्या आजी माझ्याशी बोलत होत्या, पण फूट-इंचात नाही. "जामदार क्लबापर्यंत आलं की बघू." पुढचं स्टेशन गायकवाड वाडा. त्यांचं सगळं माप असं होतं, वास्तूंमध्ये.

मी पुण्याची, मला धडकी भरली होती. ती गर्दी बघून राग आला. संकट आहे की चौपाटी? आता वाटतं, तो राग अडाणीपणाचा होता. हे लोक बघायला जात होते म्हणजे मोजायला जात होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक्केचाळीस. काकूंनी शिलाई मशीनवरून उठून पदर खोचला आणि वरच्या दिशेनं हाक मारली, "पोरी, चल."

आधी देव. मग एक पत्र्याची पेटी : रेशनकार्ड, आधार, दादांचं दहावीचं सर्टिफिकेट, घराचे कागद. २०१९ ला ही पेटी वाचली, पण सुनेचा लग्नाचा अल्बम राहिला आणि भिजून विटेसारखा चिकटला. त्या एकाच गोष्टीबद्दल घरात अजून कुणी बोलत नाही. मग धान्य. मग मशीन, टीव्ही, गाद्या. गॅस सिलिंडर साखळीनं खिडकीच्या गजाला, कारण पाण्यात सिलिंडर तरंगतं आणि सगळ्या भांड्यांना ठोकरत फिरतं. झेरॉक्स मशीन आणि फ्रिजसाठी तालमीची चार पोरं आली. घरोघरी हेच करत फिरत होती. त्यांनी जिन्यावरून फ्रिज असा नेला जसं काही मी तीन किलो कांदे नेते. समोरच्या बैठ्या घरातल्या आजींनी त्यांच्या दोन कोंबड्या आणि एक ट्रंक आणून दिली. मला विचारलं नाही, काकूंनाही विचारलं नाही. सरळ जिना चढल्या.

आणि तेव्हा, हातात तांदळाचं पिंप धरून जिन्याच्या मध्यावर उभी असताना, माझ्या डोक्यात तो इंटरव्ह्यू लख्ख उजळला. सामान किती? झोप सावध का? कंबर दुखते का? काकूंना भाडेकरू नको होता. त्यांना वरचा मजला रिकामा ठेवणारं, रात्री हाक मारल्यावर उठणारं आणि पिंप उचलणारं माणूस हवं होतं. भाडं निम्मं होतं, कारण जागा खरं तर निम्मीच माझी होती. उरलेली निम्मी जुलै-ऑगस्टसाठी आधीच बुक!

खरं सांगू? मला फसवल्यासारखं वाटलं.

आईचा फोन आलाच. गगनबावड्याकडचा रस्ता पाण्याखाली गेल्याचं तिनं टीव्हीवर बघितलं होतं. "हायवे बंद व्हायच्या आत नीघ." तिचंही बरोबर होतं. २०१९ ला शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे जवळजवळ आठवडाभर बंद होता. शहराला पाणी पुरवणारे पंप बुडाले होते, म्हणजे चहूकडे पाणी आणि नळ कोरडा. मी काकूंना जाऊन सांगितलं, की मी दोन-चार दिवस पुण्याला जाऊन येते. त्या कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "जा की. किल्ली तेवढी ठेवून जा."

हे मला जास्त लागलं. थांब म्हणाल्या असत्या तर मी बिनदिक्कत गेले असते.

तरीही बॅग भरायला आत गेले. बॅग पलंगाखाली होती. पलंगावर गाद्यांचा ढीग होता, पलंगापुढं फ्रिज आणि फ्रिजपुढं झेरॉक्स मशीन. ते हलवायला तालमीची पोरं लागली असती आणि ती एव्हाना पुढच्या गल्लीत होती. तेव्हा मी थांबले, त्यात माणुसकी किती आणि फ्रिज किती, याचा हिशेब मी आजवर केलेला नाही.

रात्री वीज गेली. खालचं कुटुंब वर आलं, समोरच्या आजी आल्या. दोन खोल्यांत सहा माणसं, दोन कोंबड्या. स्टोव्हवर पिठलं. मेणबत्तीच्या उजेडात मी सगळ्यांना मैत्रिणीच्या हाउसबोटीचे फोटो दाखवले. मला वाटलं, मजा वाटेल. दादांनी एकदम टेक्निकल प्रश्न विचारले : संडासाचं काय करतात? वीज कुठनं घेतात? मला माहीत होतं तेवढं सांगितलं, की दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं घरांची टंचाई झाली आणि लोक जुन्या मालवाहू बोटींत राहायला लागले. आता तिथं अशा सुमारे अडीच हजार बोटी आहेत, त्यांना रीतसर पत्ता, वीज, नळ आहे. आणि कालव्यांचं पाणी ठरलेल्या पातळीवर राखतात, त्यामुळं बोट जागची फारशी हलतही नाही.

काकूंनी फोटो बराच वेळ निरखला. म्हणाल्या, "हिचं घर बोटीवर हाय. आमच्या घराला बोट लागती." मग त्यांनी गॅलरीकडं बोट दाखवून २०१९ चं सांगितलं. कठडा ओलांडून, नातवाला पोटाशी बांधून त्या इथूनच बोटीत उतरल्या होत्या. पोरगं तेव्हा तीन वर्षांचं. ते बोटीत बसून खूश होतं आणि सारखं विचारत होतं, पुढचं स्टॉप कुठलं? मी ज्या गॅलरीत कपडे वाळत घालते, ती बोटीचा धक्का होती तर.

मग काकू म्हणाल्या, "गायकवाड वाड्याच्या पुढं आलं की आपण राजारामपुरीला भाचीकडं जायचं. तू पण. रात्रीत दर तासाला बघायचं. पहिली पाळी तुझी, तुझी झोप सावध हाय."

तर मी पहाऱ्याला. बॅटरी घेऊन दर तासाला गल्लीच्या टोकाला जायचं आणि पाणी कुठल्या घराच्या पायरीशी आलंय ते बघून यायचं. पूर म्हणजे लाट येते असं मला वाटायचं. तसं काही नव्हतं. पाणी आवाजच करत नाही. इंचाइंचानं वर सरकतं. मधेच एक चप्पल, एक नारळ, फोमचा तुकडा तरंगत येतो आणि कडेला लागतो. तीन वाजता टोकाच्या घराची दुसरी पायरी बुडाली होती. त्या घरातले काका गच्चीवर जागे होते. त्यांनी वरून विचारलं, "कोण?" मी म्हटलं, "वरच्या मजल्यावरची." ते म्हणाले, "असू दे. चार वाजता मी बघतो, तू पड जरा." नाव विचारलं नाही.

मग काय झालं?

तर पाणी आत आलंच नाही! आकडा ४३ ओलांडून ४७ च्या वर गेला, गल्लीत निम्म्यापर्यंत पाणी आलं, आमच्या दारापासून पाच-सहा घरं अलीकडं थांबलं, एक दिवस तिथंच रेंगाळलं आणि आलं तसं मुकाट्यानं उतरायला लागलं. सगळीकडे सारखं नव्हतं. सुतारवाड्यातली कुटुंबं नेहमीप्रमाणे चित्रदुर्ग मठात होती. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून रंग न लावलेले गणपती टेम्पोत बसून उंचावरच्या वस्त्यांकडे निघालेले मी स्वतः पाहिले, दोरीनं बांधलेले, प्लॅस्टिकनं झाकलेले, सोंडेला टेकू लावलेले.

मला वाटलं होतं, पाणी आलं नाही म्हटल्यावर कुणीतरी वैतागेल. एवढा फ्रिज चढवला, एवढी पिंपं! ऑफिसात प्रेझेंटेशन रद्द झालं की आपण कसे करवादतो. इथं कुणी एक शब्द काढला नाही. तालमीची पोरं पुन्हा आली, फ्रिज खाली गेला. चहा झाला. टोकाच्या घरातले काका चिखल काढायला आम्ही सगळे गेलो. त्या चिखलाचा वास आठवडाभर नखांतून जात नाही, लिंबू लावा नाहीतर शाम्पू.

सामान मात्र सगळं खाली गेलं नाही. आजींची ट्रंक गौरी-गणपतीपर्यंत राहिली. तांदळाचं पिंप दिवाळीपर्यंत. शिलाई मशीन तर माझ्याच खिडकीशी राहिलं. उजेड चांगला येतो म्हणून काकू रोज दुपारी वर येऊन ब्लाउज शिवायच्या आणि मी शेजारी वस्तादांच्या टेप ऐकत टाइप करायचे. वस्तादांनी कुठल्या डावाचं नाव अडखळत सांगितलं, की काकू मशीन थांबवून दुरुस्त करायच्या. त्यांचे वडील पैलवान होते, हे मला सहा महिन्यांनी कळलं.

२०२५ च्या एप्रिलमध्ये अकरा महिन्यांचा करार संपला. पुस्तकाचं काम थोडं उरलं होतं. ते पुण्याहूनही झालं असतं. काकू नवीन कागद घेऊन वर आल्या. भाडं तेवढंच. म्हटलं, काकू, या वेळी करारात लिहा की, पावसाळ्यात निम्मी जागा तुमची. त्या म्हणाल्या, "कागदावर कशाला? ज्याला लिहून द्यावं लागतंय त्याला जिना चढवत न्हाई आपण."

सही केली. मग एक ब्रश आणि तैलरंगाची छोटी डबी घेऊन मी जिन्यात गेले. २०२४ ची रेघ कुठं मारायची ते विचारावं म्हटलं. काकू खालून बघत होत्या.

"काय करालीस?"

"रेघ मारतो," मी म्हटलं.

"आत आलंय कुठं पाणी? ठेव ती डबी. आणि जरा खाली ये, पिंप भरायचंय."

"येतो," म्हटलं.